कात्रण पुढे पाठवताना

(बारामती येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी आम्हाला विचारलं, "यात तासभर बोलण्यासारखं आहे काय? पेपरात बातमी आली, आवडली, ग्रुपवर टाकली. झालं!" आम्हालाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. ते तसं का राहिलं नाही, हे सांगायला आज उभे आहोत. विषय खेळाच्या बातम्यांचा आहे. वर्तमानपत्रातली बातमी, लेख, सामन्याचा वृत्तान्त उचलून, उतरवून, फोटो काढून जो खेळाच्या नादी मंडळींत फिरतो, त्या फिरण्यात चांगलं काय आणि वाईट काय, एवढाच आपला मुद्दा.

सुरुवात घरापासून करू. आपल्या या दोन तालुक्यांना एक मान लागोपाठ दोन वर्षं मिळाला. २००५ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा इंदापूरला झाली आणि सईद चाऊस विजयी झाले. २००६ ची इथे बारामतीला झाली, ती गदा अमोल बुचडे यांनी खांद्यावर घेतली. या सभागृहात त्या कुस्त्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं नक्की असतील. आता समजा, आज वीस वर्षांच्या एखाद्या पोराला त्या कुस्त्यांबद्दल जाणून घ्यायचं आहे. विजेत्याचं नाव त्याला यादीत सापडेल. पण कुस्ती कशी झाली? कुणी आधी ताबा घेतला, कोणता डाव लागला, कोणता सुटला, मैदानाची हवा कशी होती? तेव्हा व्हिडिओ काढणारे फोन खिशाखिशात नव्हते. म्हणजे उरल्या दोनच गोष्टी. बघणाऱ्यांची आठवण, आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर. आठवण दर वर्षी थोडी रंगते, हे आपण सगळे जाणतो. म्हणून पेपर. कुणीतरी मातीशेजारी वही घेऊन बसलं होतं, त्याने रात्री बातमी दिली, आणि ती छापून आली. जुन्या कुस्तीचा बराचसा इतिहास असा वहीतून आलेला आहे.

ते कात्रण आज कुणी ग्रुपवर टाकलं तर आपल्याला आनंदच होईल. आम्हालाही होईल. तेव्हा कात्रण पुढे पाठवणं म्हणजे चोरी, असं सरसकट बोलायला आम्ही आलेलो नाही. पण एक प्रसंग सांगतो, त्यात चूक आमची आहे.

काही वर्षांपूर्वी एका निवड चाचणीची बातमी आमच्याकडे आली. कात्रण नव्हतं. बातमीतला मजकूर कुणीतरी टाइप करून, किंवा ई-पेपरवरून उचलून, नुसता चिकटवला होता. वर पेपरचं नाव नाही, खाली तारीख नाही. त्यात एक वाक्य होतं की इंदापूर तालुक्यातल्या एका मल्लाने उपांत्य फेरीत ऐनवेळी माघार घेऊन मैदान सोडलं. आम्ही ते वाचलं, चुकचुकलो आणि आमच्या माहितीतल्या चार ग्रुपवर टाकलं. एका मिनिटाचं काम.

दोन-अडीच महिन्यांनी त्या पोराचे वडील घरी आले. शेतकरी माणूस, रागावलेलेही नव्हते. चहा घेतला आणि फोन पुढे केला. "सर, हे तुमच्याकडून आलंय म्हणतात. कुठल्या पेपरातलं आहे? मला तिथं जाऊन भेटायचंय." झालं होतं असं, की पोराचा गुडघा सुजला होता. डॉक्टरांनी खेळू नको म्हणून सांगितलं आणि वस्तादांनीच त्याला उतरू दिलं नाही. तसं पंचांना कळवलंही होतं. पण जत्रांचा हंगाम सुरू झाला, फडासाठी जोड ठरवायला यात्रा कमिट्या बसल्या, आणि कुणीतरी हा मजकूर दाखवला. "हा पोरगा मैदान सोडतो. इनाम लावायचं आणि ऐनवेळी कुस्तीच नाही झाली तर?" तीन जत्रांत त्याला जोड मिळाली नाही. तालमीतल्या पोराचा खुराक कशावर चालतो, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. जत्रेचं इनाम म्हणजे दूध, बदाम आणि पुढच्या महिन्याची खोली.

आणि त्या वडिलांच्या साध्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. कुठल्या पेपरातलं आहे? माहीत नाही. कधीचं आहे? माहीत नाही. लिहिलं कुणी? माहीत नाही. आम्ही मात्र ते खात्रीने चार ठिकाणी पोचवलं होतं.

मग शोध सुरू झाला. वाचनालयातले जुने गठ्ठे चाळले, तेव्हा बातमी सापडली. आणि त्याच पेपरात दुसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, चार ओळींचा खुलासाही सापडला. सदर मल्लाने वैद्यकीय सल्ल्यानुसार स्पर्धेतून माघार घेतली, असा. म्हणजे पेपरने चूक दुरुस्त केली होती, तीही चोवीस तासांत. आम्ही त्या वार्ताहरांना गाठलं. ते म्हणाले, "बातमी माझीच चुकली. वस्तादांचा फोन आला, त्याच रात्री मी खुलासा पाठवला. पण तुम्ही जे फिरवलं, त्यावर ना पेपर, ना तारीख. त्याचा खुलासा मी कुठं छापायचा?"

मंडळी, आमचं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर उभं आहे. त्याचा खुलासा मी कुठं छापायचा?

आता नीट वेगळं करून पाहू. कुणाही बातमीत दोन गोष्टी असतात. एक निकाल, दुसरी साक्ष. अमुक मल्ल जिंकला, हा निकाल. तो सगळ्यांचा. तो सांगायला कुणाची परवानगी लागत नाही आणि लागूही नये. पण तो कसा जिंकला, हे ज्याने बघितलं, निवडलं, स्वतःच्या शब्दांत मांडलं, ती त्याची साक्ष. न्यायालयात साक्षीदाराचं म्हणणं टिपून घेतलं आणि त्याचं नाव खोडलं, तर त्या कागदाला किंमत काय राहील? उलटतपासणी कुणाची करणार? खेळाच्या बातमीचंही तसंच आहे.

कायदाही थोड्याफार फरकाने याच रेषेवर चालतो. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा घटनेला संरक्षण देत नाही, मांडणीला देतो. बर्न कराराने तर दैनंदिन बातम्या आणि नुसती माहिती यांना संरक्षणातून स्पष्टच वगळलं आहे. अमेरिकेत बास्केटबॉलच्या एनबीएने मोटोरोलावर दावा लावला होता, सामना चालू असताना गुण पेजरवर कळवले म्हणून. १९९७ साली अपील न्यायालयाने एनबीएचं म्हणणं मानलं नाही, कारण गुण ही घडलेली गोष्ट आहे. आपल्याकडे क्रिकेटचे गुण मोबाइलवर कळवण्यावरून असाच वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०१३ मध्ये तिथल्या खंडपीठाने गुणांच्या माहितीवर मालकी सांगता येत नाही, अशीच भूमिका घेतली. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. तात्पर्य, निकाल मोकळा.

आणि मांडणी? तिच्यासाठी कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. स्वतःच्या वापरासाठी, टीका किंवा परीक्षणासाठी, चालू घडामोडी सांगण्यासाठी रास्त प्रमाणात मजकूर वापरता येतो. जाहीर व्याख्यानाचा वृत्तान्त देणंसुद्धा त्यात येतं. म्हणजे आमचं हे बोलणं तुम्ही उद्या छापलंत तर आम्ही तक्रार करू शकणार नाही. (हशा) त्याच कलमात आणखी एक गंमत आहे. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयांवरचा लेख, लेखकाने हक्क राखून ठेवला नसेल तर, दुसऱ्या नियतकालिकाला पुन्हा छापता येतो. या यादीत खेळाचं नाव नाही! अर्थव्यवस्था आहे, राजकारण आहे, समाज आहे, धर्म आहे, खेळ नाही. आणि ही सवलतही वर्तमानपत्रांना आणि मासिकांना आहे. दोनशे माणसांच्या ग्रुपला ती लागू होते असं धरून चालणं धाडसाचं आहे.

पण कायदा इथेच ठेवू. कारण आपल्या गावात कुणी कुणावर चार ओळींच्या बातमीसाठी दावा लावणार नाही. दावा होणार नाही म्हणजे प्रश्न नाही, असं मात्र नव्हे. त्या पोराच्या वडिलांना कॉपीराइटशी काय देणंघेणं होतं? त्यांना माणूस हवा होता, ज्याच्याकडे जाऊन "हे चुकलंय" म्हणता येईल.

इथे क्रिकेट आणि कुस्ती यांच्यातला फरक ध्यानात घ्यायला हवा. फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीत रणजी करंडकाचा सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड, डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडा संकुलात. त्या सामन्याचा एकेक चेंडू कुठेतरी नोंदला गेला आहे. कुणी चुकीची धावसंख्या फिरवली तरी अधिकृत धावफलक उघडून तोंडावर मारता येतो. क्रिकेटमध्ये बातमी चुकली तर मागे धावफलक उभा असतो. आमच्या जत्रेच्या फडाला असा धावफलक नाही. निमगाव केतकीच्या, सणसरच्या, भिगवणच्या बाजूला एखाद्या जत्रेत कुस्ती झाली, हलगी थांबली, फेटे उडाले, माणसं घरी गेली. पुढे काय उरतं? वार्ताहराने पाठवली असेल तर दहा ओळींची बातमी. तीच मूळ आणि तीच शेवटची नोंद. म्हणून कुस्तीची, खो-खोची, गावच्या कबड्डीची बातमी नावगाव छाटून फिरवणं हे क्रिकेटच्या बातमीपेक्षा जास्त नुकसानीचं आहे. तिथे मागे दुसरी वही नाही.

जुनं उदाहरण घ्या. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले आणि कराड ते गोळेश्वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. गाड्या किती होत्या? कुठे १०१ वाचायला मिळतं, कुठे १५१. प्रत्येकजण आकडा ठामपणे देतो, तो कुठून घेतला ते बहुतेक कुणी देत नाही. पहिल्या महत्त्वाच्या मानकऱ्याच्या बाबतीत ही गत, तर सणसरच्या पोराचं काय?

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं ऐकू. ते हलकं नाही.

पहिलं म्हणणं असं, की आम्ही फुकट जाहिरात करतो. बातमी जास्त लोकांपर्यंत गेली तर पेपरचं भलंच आहे. हे खरं व्हायला एक अट आहे, पेपरचं नाव बातमीबरोबर गेलं पाहिजे. नाव छाटून केलेल्या जाहिरातीला जाहिरात कसं म्हणायचं? दुकानाची पाटी काढून माल वाटला तर दुकानदाराचं भलं होत नाही.

दुसरं म्हणणं पैशांचं. सगळ्यांना पेपर परवडत नाही, काही मजकूर पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. हे आम्हाला मान्य आहे. तालमीत दहा पोरांत एक पेपर येतो आणि तो दहाजण वाचतात, यात गैर काहीच नाही. पारावर एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, ही आपली जुनी रीत. पण एक पेपर दहाजणांनी वाचणं वेगळं आणि रोज पहाटे अख्ख्या अंकाची पीडीएफ पाच हजार लोकांना वाटणं वेगळं. टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, पेपरवाटप विस्कळीत झालं आणि या पीडीएफचं पीक आलं. अडचणीची वेळ होती, लोकांनी वाचलं, आम्हीही वाचलं. पण त्याच मे महिन्यात 'दैनिक जागरण'चे प्रकाशक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्रामवर वाटणारी चॅनेल ४८ तासांत काढून टाकावीत आणि ती कोण चालवतं याची माहिती द्यावी, असा आदेश २९ मे रोजी निघाला. अडचण संपली, तरी पीडीएफ वाटायची सवय मात्र संपली नाही. ही गोष्ट आपण मनाशी कबूल करू.

यात तालुक्याच्या पानाचं काय होतं ते बघा. मोठ्या शहरातला क्रीडा पत्रकार पगारावर असतो. तालुक्याचा वार्ताहर बहुधा थोड्याशा मानधनावर, जाहिरातीच्या कमिशनवर आणि स्वतःच्या दुसऱ्या धंद्यावर चालतो. कुणाचं झेरॉक्सचं दुकान, कुणाची शेती, कुणाची शिकवणी. अंक कमी खपला की पहिली कात्री कुठे लागते? भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याच्या बातमीला नाही लागत. जत्रेच्या फडाला लागते. म्हणजे पीडीएफ वाटणारा आपल्याच तालमीची बातमी बंद पाडायला हातभार लावतो, आणि मग तोच म्हणतो, "हल्ली पेपरात कुस्तीचं काही येतच नाही."

तिसरं म्हणणं आम्हाला सगळ्यात जवळचं वाटतं. लोक म्हणतात, ज्ञान वाटल्याने वाढतं. आपली परंपरा वाटण्याची आहे, मालकी सांगण्याची नाही. ठीक. मग परंपरेलाच विचारू. दरवर्षी तुकोबारायांची पालखी आपल्याच वाटेने जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. साडेतीनशेहून जास्त वर्षं लोकांनी ते अभंग उतरवून घेतले, पाठ केले, गायले. कुणी परवानगी मागितली नाही, आणि मागायची गरजही नव्हती. पण लोकांनी एक गोष्ट कधी सोडली नाही. शेवटी "तुका म्हणे" आलंच. नाम्याचा असेल तर "नामा म्हणे", जनाबाईचा असेल तर तिचं नाव. अभंगाच्या अंगातच नाव विणलेलं आहे. निरक्षर वारकऱ्यानेसुद्धा ते छाटलं नाही. तेव्हा परंपरेचा दाखला द्यायचा तर पुरता द्या. आपली परंपरा मुक्तपणे वाटण्याची आहे, आणि नावासकट वाटण्याची आहे.

याला दुसरी बाजूही आहे, तीही सांगतो. "तुका म्हणे" जोडून दुसऱ्यांनी रचलेले अभंगही फिरले, आणि अभ्यासकांना ते निवडून बाजूला काढावे लागले. तसंच आज पेपरचं मथळ्याचं अक्षर वापरून खोटं कात्रण बनवता येतं. म्हणून नाव असलं की झालं, असं नाही. पण नाव असलं तर तपासता येतं. त्या तारखेचा अंक काढून बघता येतो. नाव नसेल तर तपासायचं तरी काय?

आता वर्तमानपत्रांकडे वळू, कारण त्यांना मोकळं सोडलं तर हे बोलणं एकतर्फी होईल. आमची पहिली तक्रार अशी, की तालुक्याच्या बातमीवर नाव पेपरच छापत नाहीत. "प्रतिनिधी", "वार्ताहर", किंवा नुसतं गाव आणि तारीख. मग ग्रुपवाला विचारतो, "नाव कुणाचं टाकू?" बरोबर विचारतो. कायदा सांगतो की हक्क दुसऱ्याला दिला तरी लेखकाचा स्वतःला लेखक म्हणवून घेण्याचा अधिकार राहतो, कलम ५७. नोकरीवरच्या पत्रकाराच्या बाबतीत कलम १७ असं सांगतं, की वेगळा करार नसेल तर पेपरात छापण्यापुरता पहिला हक्क मालकाचा, बाकी बाबतीत लेखकाचा. इतका विचार कायद्याने करून ठेवला आहे, आणि आपण त्या माणसाचं नावही छापत नाही.

दुसरी तक्रार, पेपर स्वतः काय करतात? स्पर्धेच्या आयोजकांचं प्रसिद्धिपत्रक येतं, ते जसंच्या तसं "प्रतिनिधी" म्हणून छापतात. मल्लाने स्वतःच्या पानावर टाकलेला फोटो उचलतात आणि खाली लिहितात, "समाजमाध्यमांवरून साभार". अहो, आभार कुणाचे? फोटो काढणाऱ्याचे की पोस्टमनचे? (हशा) "साभार" हा आपल्या भाषेतला फार चांगला शब्द होता. आभारासह, म्हणजे ज्याचं आहे त्याला ठाऊक असताना, त्याच्या संमतीने. आता तो न विचारता घेतल्याची पावती झाला आहे. ग्रुपवरचं "आलेलं पुढे पाठवलं" आणि पेपरातलं "साभार", दोन्ही एकाच तालमीतले पठ्ठे.

तिसरी तक्रार खुलाशाची. बातमी पहिल्या पानावर तीन कॉलम आणि खुलासा आतल्या पानावर चार ओळी. ई-पेपरवर जुनी बातमी तशीच, तिच्याखाली दुरुस्तीची नोंद नाही. मग मूळ मजकूर उचलणाऱ्याला खुलासा दिसणार कसा? आमच्या प्रसंगात निम्मी चूक आमची होती, हे आम्ही मानतो. उरलेल्या निम्म्याचा विचार पेपरवाल्यांनी करावा.

वेळेचं काय होतं, तेही बघा. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं, ते ताजं आहे. शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीत पंचांच्या निर्णयावरून वाद झाला, राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड यांनी मैदान सोडलं, मोहोळ विजयी झाले आणि राक्षे, गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. अशा दिवशी बातमी तासातासाला बदलते. पहिल्या तासाची बातमी वेगळी, रात्रीची वेगळी, दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू ऐकून लिहिलेली आणखी वेगळी. तिन्हींवर वेळ आणि तारीख असेल तर वाचणारा क्रम लावतो. वेळ-तारीख काढून टाकली की पहिल्या तासाचा राग कायमचा ताजा राहतो. सहा महिन्यांनी तोच मजकूर पुन्हा येतो आणि ग्रुपवर पुन्हा भांडण लागतं. वाद कोणाच्या बाजूचा, हा आमचा विषय नाही. पंच बरोबर की मल्ल बरोबर, हे ठरवायलाही आधी कुणी, केव्हा, कुठे बसून लिहिलं हे कळायला हवं.

मग करायचं काय? आम्ही नियमावली घेऊन आलेलो नाही. आम्ही स्वतः आता काय करतो, एवढं सांगतो. पटलं तर घ्या.

आपल्या पोराची, आपल्या तालमीची बातमी आली तर कात्रणाचा फोटो काढतो, तो पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असा. फोटोत तारीख येत नसेल तर खाली लिहितो. लांब लेख असेल तर आख्खा उतरवत नाही. त्यातलं काय आवडलं ते दोन वाक्यांत सांगतो आणि वाचायला कुठे मिळेल ते देतो. अख्ख्या अंकाची पीडीएफ कुणी पाठवली तर पुढे ढकलत नाही. जुनं कात्रण मात्र जरूर फिरवतो. २००५ चं इंदापूर, २००६ चं बारामती, ज्यांचे अंक आज बाजारात मिळत नाहीत, ते जपणं ही सेवा आहे. अट तीच, नाव आणि तारीख. ज्या मजकुराला आईबाप नाहीत, तो कितीही चटकदार असो, आमच्याकडे येऊन थांबतो. आणि आम्ही पाठवलेलं चुकलं, तर दुरुस्ती त्याच ग्रुपवर, त्याच लोकांना. "डिलीट फॉर एव्हरीवन" करून गप्प बसत नाही. ते करणं म्हणजे खुलासा न छापता अंक जाळणं.

कुणी म्हणेल, एवढ्या बारीक गोष्टीचा किती बाऊ! मंडळी, कुस्तीत पाठ टेकली की नाही हे पंच जमिनीला गाल लावून बघतो. अंगुळभर अंतराचा प्रश्न असतो. तिथे आपण म्हणत नाही की जाऊ दे, साधारण टेकली. खेळात इतकी काटेकोर असणारी माणसं खेळाच्या बातमीत इतकी सैल का, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.

त्या पोराचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. आम्ही बातमी आणि खुलासा, दोन्ही कात्रणांचा एकत्र फोटो काढला, पेपरचं नाव, दोन्ही तारखा लिहिल्या आणि त्याच चार ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, की आधीचा मजकूर आम्ही न तपासता पाठवला होता, चूक आमची. काहींनी अंगठा दाखवला. पहिला मजकूर जितक्या लोकांनी पुढे पाठवला होता, तितक्यांनी हा पाठवला नाही. तसं कधी होत नाही. एका यात्रा कमिटीने मात्र वस्तादांना फोन केला आणि हंगामाच्या शेवटी एक जोड ठरली. पोरगा लढला. कुस्ती बरोबरीत सुटली. आधीच्या तीन जत्रा गेल्या त्या गेल्या, त्या आम्हाला परत आणता येत नाहीत.

त्या बरोबरीच्या कुस्तीची बातमी दुसऱ्या दिवशी आली, सहा ओळींची. आम्ही ती ग्रुपवर टाकली. पेपरचं नाव, तारीख, आणि वार्ताहरांना विचारून त्यांचंही नाव. पोराच्या वडिलांचा फोन आला, "सर, आता कुणी विचारलं तर सांगता येईल."

एवढंच सांगायचं होतं.  प्रश्न असतील तर जरूर विचारा.